नारळ, फीत आणि नेमणूक

सरकारी कामाला जन्म असतो, बारसं असतं, नशीब जोरावर असेल तर दोनदा बारसं असतं. नसतं ते फक्त रोजचं जेवण. भूमिपूजनाला नारळ फुटतो, कोनशिलेवर नावं कोरली जातात, लोकार्पणाला फीत कापली जाते, आणि मध्येच सरकार बदललं तर नव्या नावांची नवी कोनशिला जुनीच्या शेजारी उभी राहते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुलाखालची गटारं कोण उपसणार आणि त्या पंपाला तेल कोण घालणार, हे सांगणारी कोनशिला आजवर कुणी बसवलेली नाही. आपल्या म्हणीसुद्धा या बाबतीत सरकारपक्षाच्याच. ‘लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्या पूर्वजांनी दोन्ही उदाहरणं एकदाच होणाऱ्या खर्चाची दिली. ‘ओटा पाहावा पुसून’ असं कुणी म्हटलं नाही, कारण ओटा पुसणारीला म्हणी रचायला सवड नव्हती.

सरकारी हिशेबात खर्चाची दोन खाती असतात, भांडवली आणि महसुली. भांडवली म्हणजे लग्न, महसुली म्हणजे संसार. रस्ता बांधला तर तो भांडवली. त्याच रस्त्यावर पहाटे झाडू मारणाऱ्याचा पगार महसुली. पहिल्याकडे अर्थतज्ज्ञ जावयाकडे बघावं तसं बघतात, आणि दुसऱ्याकडे घरात बसून खाणाऱ्या मेहुण्याकडे बघावं तसं. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११ लाख २१ हजार कोटी रुपये होते, आणि राज्यांनीही मागं राहू नये म्हणून त्यांना ५० वर्षांच्या मुदतीनं बिनव्याजी कर्ज द्यायला त्यातलेच दीड लाख कोटी. मुख्य अट अशी, की पैसा भांडवली कामालाच लागला पाहिजे. म्हणजे या पैशातून दवाखाना बांधता येईल, पण त्यातल्या कंपाउंडरचा पगार देता येणार नाही. यात सरकारचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. लग्नाला कर्ज देणारे पुष्कळ असतात, किराण्याला कोण देतो? माझं म्हणणं निराळं आहे. सरकारला जे साजरं करता येतं तेच सरकारला नीट चालवता येतं. तेव्हा देशापुढचा खरा प्रश्न पूल बांधायला पैसा कुठून आणायचा हा नसून, पूल झाडण्याचा सण कसा करायचा हा आहे. त्याचा पुरावा इंदूर. या शहरानं फीत आणि झाडू हे दोन्ही प्रयोग एकाच वेळी आणि एकाच रस्त्यावर करून दाखवले आहेत.

इंदूरला भांडवली कामांची आवड जुनी आहे. १८७०च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. संस्थानिकानं सरकारला, हे नीट वाचावं. आज केंद्र राज्याला देतं, तेव्हा प्रवाह उलटा होता. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षं. एकशे एक हा आकडा बघितला की हे कर्ज होतं की आहेर, अशी शंका येते. वरचा एक शुभ असतो, पण सावकारीत नाही. मुदत संपायला १९७१ उजाडणार होतं. तोवर कर्ज घेणारे इंग्रज जाऊन चोवीस वर्षं झाली होती, देणारं संस्थान मध्य भारतात विलीन झालं होतं आणि त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. ऋणको नाही, धनको नाही; रूळ मात्र होते आणि त्यांवरून गाडी धावत होती. आता ती मीटरगेज उखडून ब्रॉडगेज होते आहे, आणि पातालपाणी ते कालाकुंड एवढा घाटातला तुकडा हौशी प्रवाशांसाठी हेरिटेज गाडी म्हणून राहिला आहे. दरम्यान मराठी मुलखाकडे सरळ जाणाऱ्या मनमाड–इंदूर मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तो ३०९ किलोमीटरचा मार्ग १८,०३६ कोटींचा म्हणून मंजूर केला. तो २०२८-२९पर्यंत पूर्ण व्हायचा आहे. तोवर माळव्यातल्या मराठी माणसानं पुण्या-मुंबईच्या सोयरिकी जरा सबुरीनं जुळवाव्यात.

फीत आणि कुदळ यांचं नातं किती जवळचं असतं, हे आग्रा–मुंबई रस्त्यावरच्या बीआरटीएसनं दाखवलं. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा साडेअकरा किलोमीटरचा, फक्त बसनं वापरायचा मार्ग मे २०१३मध्ये सुरू झाला. पुणेकरांना हा प्रकार समजावून सांगायला नको. त्यांनी २००६ सालीच तो देशाला करून दाखवला होता आणि त्यातून काय करू नये हेही शिकवलं होतं. इंदूरची बस पुण्याच्या मानानं पुष्कळच बरी चालली. माणसं तिनं जात होती, वेळेवर पोचत होती, आणि नेमकं तेच शेजारच्या रांगेत अडकलेल्या मोटारवाल्याला बघवत नव्हतं. आपण थांबलेलो असताना बाजूनं पन्नास माणसं सुटतात, याला त्याच्या भाषेत वाहतूक कोंडी म्हणतात. नोव्हेंबर २०२४मध्ये मुख्यमंत्र्यांनी बीआरटीएस काढण्याची घोषणा केली, फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयानं वाट मोकळी करून दिली आणि रेलिंग निघू लागले. बांधतानाची निविदा विकासाची होती, पाडतानाचीही विकासाचीच. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली असाच विकासासाठी पाडला, आणि तो बांधला होता तोही विकासासाठीच. राजधानी भोपाळ यापुढची पायरी आहे. तिथं ऐशबागेतल्या १८ कोटींच्या पुलानं जवळजवळ काटकोनात वळण घेतलं, २०२५मध्ये त्यापायी सात अभियंते निलंबित झाले, आणि पुढं न्यायालयात तज्ज्ञांचं मोजमाप आलं की कोन ९० अंशांचा नसून ११८-११९ अंशांचा आहे. भूमितीच्या पेपरात असे गुण वाढवून मिळत नाहीत.

बीआरटीएस निघत होता तेव्हाच मेट्रो येत होती. सप्टेंबर २०१९मध्ये तिचं भूमिपूजन एका पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी केलं आणि ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाई होळकरांच्या तीनशेव्या जयंतीला, लोकार्पण दुसऱ्या पक्षाच्या पंतप्रधानांनी भोपाळहून केलं. ही मेट्रो सहा किलोमीटर आणि पाच स्थानकांची, आणि तीही सुपर कॉरिडॉरवर. तिथं रस्ते रुंद आहेत, हवा मोकळी आहे, माणसं मात्र अजून राहायला यायची आहेत. पहिला आठवडा प्रवास फुकट होता, तेव्हा अख्खं इंदूर पोरंबाळं घेऊन मेट्रो बघायला गेलं, जत्रेतल्या पाळण्यात बसावं तसं बसून आलं आणि पोहे खायला परत गावात आलं. आता कुणी म्हणेल, ही थट्टा उथळ आहे. रूळ आधी पडतात आणि वस्ती मागून येते, तुकोजीरावांच्या रेल्वेचंही तसंच झालं होतं. हा आक्षेप मला मान्य आहे. एकतीस किलोमीटरचं वर्तुळ पूर्ण झालं की आजची विरळ स्थानकं गजबजतील, यात मला शंका नाही. माझी चिंता वर्तुळ पूर्ण झाल्यानंतरच्या सकाळची आहे. तेव्हा कापायला फीत उरलेली नसेल, नुसते सरकते जिने असतील. आणि आपल्याकडचा सार्वजनिक सरकता जिना हा बहुतेक वेळा साधा जिनाच असतो, फक्त पायऱ्या जरा उंच.

आता झाडूकडे येऊ. २०१६च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं. २०१७ साली पहिलं आलं आणि मग पहिलंच येत राहिलं. सातव्या वेळी सुरतेला शेजारी उभं करावं लागलं, इतकंच. शेवटी २०२५मध्ये जाहीर झालेल्या निकालात इंदूरला ‘सुपर स्वच्छ लीग’ नावाच्या वेगळ्या बाकावर बसवलं. दरवर्षी पहिल्या येणाऱ्या मुलाला गुरुजी मॉनिटर करतात आणि स्पर्धेतून बाजूला काढतात, तेव्हा कुठं अहमदाबादला पहिला नंबर मिळतो. या यशात कोनशिला जवळजवळ नाही. घरोघरी कचरागाडी येते, गाणं वाजतं, आणि ओला, सुका, प्लास्टिक, घातक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक अशा सहा जाती करून कचरा गाडीत पडतो. ज्या देशात जातीनिहाय गणनेवरून वर्षानुवर्षं भांडण चालतं, तिथं कचऱ्याची गणना एका शहरानं रोज सकाळी आठच्या आत उरकली. रंगपंचमीला राजवाड्याभोवती गेर नावाची मिरवणूक निघते, तोफांसारखे रंगाचे फवारे उडतात, लाखो माणसं नखशिखांत लाल-हिरवी होऊन घरी जातात आणि त्यांच्या पाठोपाठ महापालिकेचा ताफा रस्ता धुऊन काढतो. गेर बघायला परगावची माणसं येतात. धुलाईची चित्रफीत मात्र अख्खा देश बघतो.

बांधकाम अगदीच झालं नाही असं नव्हे. देवगुराड्याला वर्षानुवर्षं साचलेला तेरा लाख टन कचऱ्याचा डोंगर उपसला गेला, आणि तिथंच फेब्रुवारी २०२२मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी काढणारा प्रकल्प उभा राहिला. फीतही रीतसर कापली गेली. पण या यंत्राची गंमत अशी की त्याचं तोंड घरातल्या ओल्या डब्याला जोडलेलं आहे. भाजीच्या देठांत प्लास्टिकची पिशवी गेली की दीडशे कोटींचं पोट बिघडतं. म्हणजे सुभाषितात सांगायचं तर भांडवल हत्तीचं, पण त्याचा माहूत घरातली बाई. पोह्यांची बशी हातात घेऊन डस्टबिन शोधत उभा राहिलेला माणूस इंदुरात आता विनोदी वाटत नाही. बशी खाली टाकणारा वाटतो, आणि त्याला कुणीतरी ‘भिया’ अशी हाक मारतं, जिच्यात आदर, आपुलकी आणि धमकी समप्रमाणात असते.

इथं चाणाक्ष वाचक म्हणेल की हे सगळं बक्षिसासाठी आहे. सर्वेक्षणाची तुकडी यायची म्हणून भिंती रंगवायच्या आणि नंबर आला की मिरवणूक काढायची, यात नागरी भान किती आणि परीक्षेची भीती किती? मला वाटतं, आक्षेप घेणाऱ्यानं नकळत माझीच बाजू मांडली. होय, बक्षिसासाठीच आहे! रोज करायच्या आणि कुणालाच न दिसणाऱ्या कामाला वर्षातून एक फीत मिळाली, आणि त्या फितीनं जे केलं ते झाडूला शंभर वर्षांत करता आलं नव्हतं. शंभर वर्षं हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, कारण हाच प्रयोग इंदुरात शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला आहे.

तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार शहराचा आराखडा करायला इंदुरात आला. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला. शहरात प्लेग होता. गेडिस गल्लीबोळांत नकाशे घेऊन हिंडायचा, आणि लोकांना वाटायचं, हा म्हातारा साहेब आला की घरं पाडतात. काहींच्या मते तर प्लेग तोच आणतो. आजच्या सर्वेक्षकाबद्दलही जनमत फारसं वेगळं नाही. गेडिसनं यावर जो उपाय केला, तो कुठल्याही नगररचनेच्या पुस्तकात नाही. त्यानं एक दिवसापुरता महाराजा होण्याची परवानगी मागितली आणि दिवाळीची मिरवणूक स्वतःच्या हातात घेतली. दवंडी अशी की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या गल्लीतली सर्वांत जास्त घरं झाडून-सारवून, डागडुजी करून तयार असतील तिथूनच जाईल. झालं! आपल्या दारावरून देवी जावी असं कुणाला वाटणार नाही? शहरभर झाडझूड सुरू झाली, गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर पडला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत हत्ती-उंट, वाजंत्री, लक्ष्मी हे ठरलेलं होतंच, पण त्यांच्यामागं घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, काठ्यांवर डास होते. आणि या सगळ्यांच्या पाठोपाठ शहरातले सफाई कामगार, पांढरे स्वच्छ कपडे घालून, गळ्यात हार, झाडूला फुलं, गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगं रंगवलेली. रात्री राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. प्लेग ओसरला. तो मिरवणुकीनं ओसरला की ऋतूनं, हा वाद डॉक्टरांनी घालावा. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की त्या म्हाताऱ्यानं एका दिवसात महसुली खर्चाला लग्नाच्या वरातीत बसवलं.

आणि त्याच्याही आधी हे कळलेली एक बाई याच होळकर घराण्यात होऊन गेली. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं उभारली, तीही बहुतेक दुसऱ्यांच्या राज्यांत, म्हणजे जिथून त्यांना एक मतही पडायचं नव्हतं. पैसा दौलतीचा नव्हे, स्वतःच्या खासगीचा. पण दगड बसवून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. दिवाबत्ती, पूजा, पाणी, अन्न यांची नेमणूक लावून दिली. नेमणूक हा शब्द आपण पुढं पार नोकरीच्या बाजारात नेऊन बसवला. जुन्या कागदांत त्याचा अर्थ असा की हे काम दरसाल चालावं म्हणून हे एवढं उत्पन्न बांधून दिलं आहे. कोनशिलेला नेमणूक नसेल तर ती शिळा असते, काम नसतं. अहिल्याबाईंच्या नावानं आज विमानतळ आहे, विद्यापीठ आहे, मेट्रोचं स्थानक आहे. त्यांच्या पद्धतीनं चालणारं अंदाजपत्रक तेवढं कुठं आढळत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. झाडूचं कौतुक ठीक, पण झाडूनं पाणी येत नाही. ते आणायला भांडवलच लागतं. अगदी खरं. इंदूर नदीकाठी वसलं खरं, पण कान्ह आणि सरस्वती या नद्या पाणी देण्याऐवजी शहराकडूनच घेत आल्या, आणि तेही कसलं ते सांगायला नको. १९७०मध्ये लोकांनी आंदोलन केलं, सरकार हललं आणि त्या दशकाच्या अखेरीस नर्मदा इंदुरात आली. जलूदहून साधारण सत्तर किलोमीटर, आणि मध्ये विंध्याचा घाट असल्यानं पाचशे मीटरहून जास्त चढ. याला भगीरथ प्रयत्न म्हणावं तर ती त्या राजाची चेष्टा होईल. त्याच्या गंगेला निदान उतार होता. इथं नर्मदा रोज डोंगर चढते, आणि तिच्या प्रत्येक पावलाचं विजेचं बिल येतं. तेव्हा भांडवल एकदाच लागलं, नेमणूक मात्र रोज लागते आहे. महापालिकेला हे कळलं म्हणायचं. फेब्रुवारी २०२३मध्ये तिनं २४४ कोटींचे हरित रोखे थेट लोकांना विकले, ते जवळजवळ सहापट मागणीनं खपले, आणि त्या पैशातून जलूदलाच ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प हाती घेतला, पंपांचं बिल हलकं व्हावं म्हणून. संसाराचा खर्च कमी करण्यासाठी काढलेलं कर्ज हा प्रकार आपल्याकडे इतका दुर्मीळ आहे की मला वाटलं, त्या रोख्यांची गेर काढावी.

पण डोंगर चढून आलेलं पाणी शेवटी जमिनीखालच्या नळातून घरात जातं, आणि तिथं कुणाची नजर जात नाही. २०२५चा डिसेंबर संपता संपता इंदुरातल्या एका वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला. माणसं मेली, शेकडो आजारी पडली. एका चौकीच्या शौचालयाखालून जाणारी मुख्य जलवाहिनी गळत होती, असं सांगण्यात आलं. वस्तीचं नाव भागीरथपुरा. या परिच्छेदात विनोद नाही.

यावरून ‘बघा, स्वच्छतेचं सगळं नाटक होतं’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. मला तो आळशी वाटतो. रस्ता खरंच झाडलेला आहे, कचरा खरंच सहा डब्यांत जातो, डोंगर खरंच नाहीसा झाला. नाटक नव्हतं, प्रयोग रंगमंचापुरता होता आणि तळघरात तिकीट लावलेलं नव्हतं. ज्या कामाला फीत मिळाली ते चोख झालं. ज्याला मिळाली नाही त्याच्यावर शौचालय बांधलं गेलं. जुनी जलवाहिनी बदलायचं काम हे सर्व सरकारी कामांत अत्यंत कमनशिबी आहे. ते भांडवली आहे, पण दिसत नाही. खर्च करून रस्ता आधी होता तसाच दिसतो, बहुधा जरा वाईटच. अशा कामाचं उद्घाटन करायचं कसं? मंत्र्यांनी खड्ड्यात उतरून फीत कापायची, तर फोटो वरून घ्यावा लागतो, आणि वरून घेतलेल्या फोटोत कुठलाही माणूस थोर दिसत नाही.

म्हणून माझी मागणी गेडिसच्याच चालीवरची आहे. यंदापासून लोकार्पणाची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाऊ नये. वॉर्डावॉर्डांतल्या नळाच्या पाण्याची तपासणी व्हावी, ज्या गल्लीची जलवाहिनी सर्वांत उत्तम निघेल तिथून मिरवणूक जावी, आणि कुठून जाणार हे अधिकाऱ्यांना त्याच दिवशी सकाळी कळावं, म्हणजे आदल्या रात्री एकाच गल्लीचे नळ बदलायची सोय राहणार नाही. पुढं गळतीचा राक्षस, त्यामागं बांबूच्या काठ्यांवर जंतू, आणि मग व्हॉल्व्ह उघडझाक करणारे, गळती शोधणारे, मॅनहोलमध्ये यंत्र उतरवणारे कर्मचारी, गळ्यात हार घालून. समारोपाला प्रमुख पाहुण्यांनी त्या गल्लीतल्या कुठल्याही घरात जाऊन नळाखाली पेला धरायचा आणि सर्वांसमक्ष पाणी प्यायचं. शेवटच्या कलमाला हरकत येईल याची मला कल्पना आहे. सुरक्षेच्या नियमांत पाहुण्यांना बाहेरचं पाणी देता येत नाही, आणि महापालिकेचं पाणी ‘बाहेरचं’ मानावं की ‘आतलं’ यावर फाइल निघेल. फाइल परत येईस्तोवर कार्यक्रम आजवर होतो तसाच होईल, आणि व्यासपीठावर खात्रीचं पाणी दोनच ठिकाणी राहील: पाहुण्यांपुढच्या सीलबंद बाटलीत आणि फोडायला आणलेल्या नारळात.